फोन घरचा, सौदा एकट्याचा

आपण इंटरनेटवर काय पाहतो, काय शोधतो ही माहिती पैसे घेऊन विकावी का, असा प्रश्न मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कुणाला पडेल असं काही वर्षांपूर्वी मला वाटलं नसतं. आता तो माझ्या काउंटरवर नेमाने येतो.

काली पुतली चौकापासून थोड्या अंतरावर माझं एमपी ऑनलाइनचं कियोस्क आहे. समग्र आयडीची ई-केवायसी, लाडली बहनाची कामं, धानाच्या उपार्जनाची, म्हणजे सरकारी खरेदीची, नोंदणी आणि स्लॉट बुकिंग, शिष्यवृत्ती, भरतीचे फॉर्म हे माझं रोजचं काम. माझं माहेर गोंदियाचं. घरात मराठी, काउंटरवर हिंदी आणि पोवारी. लोक माझ्या हातात फोन देतात, ओटीपी वाचून दाखवतात, पासवर्ड विसरले की माझ्याकडेच बघतात. त्यामुळे इथले फोन आतून कसे असतात हे मला चांगलं ठाऊक झालं आहे.

प्रश्न विचारणारी बहुतेक कॉलेजची पोरं असतात. "दीदी, काही करायचं नाही. अॅप टाकून ठेवायचं, फोन नेहमीसारखा वापरायचा, आणि महिन्याला पैसे. घेऊ का?" विचारणारा मूर्ख नसतो. दोन-तीनशे रुपये म्हणजे त्याचा रिचार्ज सुटतो, वडिलांपुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून "नको" एवढं म्हणून त्याला वाटेला लावणं मला पटत नाही. काय काय बघून ठरवावं, हे मी जे पाहिलं त्यावरून सांगते.

एक एजंट आणि त्याचं एक खरं उत्तर

दिवाळीनंतर एक तरुण दुकानात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, "दीदी, तुमच्याकडे दिवसभर माणसं येतात. काम करता करता त्यांच्या फोनमध्ये हे टाकून द्या. प्रत्येकामागे तुम्हाला कमिशन, त्यांना दर महिन्याला कूपन."

मी विचारलं, माहिती विकत कोण घेतं? "कंपन्या." कोणत्या? "मोठमोठ्या." किती दिवस ठेवतात? "ते वरून ठरतं." आणि उद्या एखादा म्हणाला, मला नको, तर गेलेली माहिती परत मिळते का?

तो हसला. "दीदी, विकलेला माल कुठे परत येतो?"

तासाभराच्या बोलण्यात त्याने दिलेलं हे एकच सरळ उत्तर. उठताना त्याने आणखी एक वाक्य टाकलं आणि ते मात्र माझ्या डोक्यातून जाईना. "तसंही लोक फुकट देतातच की. आम्ही निदान पैसे तरी देतो." मी अॅप टाकलं नाही, पण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. उरलेलं अर्धं कुठे चुकतं, ते एका घराने मला दाखवलं.

एक फोन, पाच माणसं

वारासिवनीच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर घर ओळखू येईल. त्या घरातले काका धान विकायच्या हंगामात स्लॉट बुक करायला आले. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली, कव्हराच्या मागे घडी घातलेली पन्नासची नोट आणि खताच्या दुकानाची पावती. "फोन लई गरम होते जी, आणि ओटीपी यायच्या आधीच बॅटरी जाते," काका म्हणाले.

मी फोन हातात घेतला तर वरच्या पट्टीत चावीचं बारीक चिन्ह. ते चिन्ह म्हणजे व्हीपीएन चालू आहे. फोनमधून बाहेर जाणारी सगळी ये-जा कुणा तिसऱ्याच्या दारातून चालली आहे. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी उघडलं. ही सोय खरं तर डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर फोनने वाचून दाखवावा म्हणून. तिथे एक अनोळखी नाव चालू होतं. ज्या अॅपला ही परवानगी असते त्याला पडद्यावर जे उमटतं ते वाचता येतं: खात्यातली शिल्लक, निरोप, ओटीपी. धाकट्या मुलाने कूपनांसाठी ते टाकलं होतं. फोन विकत घेताना पैसे काकांनी भरले होते, सिमही त्यांच्याच नावावर होतं.

आता तो फोन दिवसभर कुणाकुणाच्या हातात असायचा ते ऐका. सकाळी काकांकडे, मंडीचा भाव आणि पावसाचा अंदाज बघायला. दुपारी काकूंकडे, कीर्तन आणि बचत गटाचा हिशेब. संध्याकाळी मुलीकडे, स्पर्धा परीक्षेच्या व्हिडिओंसाठी. रात्री थोरल्या सुनेकडे, कारण नवरा हैदराबादला कामाला आणि त्याच्याशी बोलायचं ते याच फोनवरून. उरलेल्या वेळात धाकटा. पैसे त्याला मिळत होते, माहिती पाचांची जात होती.

काही आठवड्यांनी सून एकटीच आली. काम असं काही सांगितलं नाही, गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग हळूच म्हणाली की तिने रात्री फोनवर मूल होण्याच्या उपचारांबद्दल शोधलं होतं, नागपूरचे डॉक्टर बघितले होते. घरात अजून कुणाशी बोललेली नव्हती. आता सासरे हवामान बघायला फोन उघडतात तर त्याच उपचारांच्या जाहिराती. वरून एका दवाखान्याच्या कॉल सेंटरवरून काकांनाच फोन आला, घरात कुणाला अपत्यासाठी सल्ला हवा आहे का म्हणून. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून फोन रात्री त्यांच्या उशाशी राहू लागला.

"हे पुसता येतं का, दीदी?" तिने विचारलं.

काकांचा नंबर त्या अॅपनेच पुढे दिला असं मी शपथेवर सांगणार नाही. जाहिराती अशाही आपला पाठलाग करतात, आणि एकाच फोनवर, एकाच खात्यावर सगळं घर असलं की एकाचं दुसऱ्याला दिसतंच. पण फोनमधलं पुसता येतं आणि बाहेर गेलेलं येत नाही, हे मला तिला सांगावं लागलं.

नाव काढलं तरी माणूस राहतो

अशी अॅपं एक वाक्य हमखास लिहितात: आम्ही तुमचं नाव घेत नाही. ते वाक्य खरं धरलं तरी त्याने फारसं काही साधत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल या कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाखांहून अधिक लोकांचे तीन महिन्यांतले शोध जाहीर केले. नावं काढून प्रत्येकाला फक्त एक आकडा दिला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका आकड्यामागची जॉर्जिया राज्यातली वयस्क बाई शोधून काढली. तिने आपल्या गावातल्या सेवा शोधल्या होत्या, आपल्या आडनावाचे लोक शोधले होते, कुत्र्याच्या सवयीबद्दल विचारलं होतं. एवढ्यावर काम झालं.

२०१७ मध्ये जर्मनीत स्वेया एकर्ट ही पत्रकार आणि आंद्रेआस डेवेस हा डेटा-तज्ज्ञ यांनी आपण एक कंपनी आहोत असं भासवून सुमारे तीस लाख जर्मन लोकांचा ब्राउझिंगचा साठा मिळवला, तोही नमुना म्हणून फुकट. त्यातही नावं नव्हती. तरी त्यांना त्यात एका न्यायाधीशाच्या खासगी सवयी आणि एका खासदाराचं औषध सापडलं. त्या माहितीतला मोठा हिस्सा ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनमधून गोळा झाला होता.

या गोष्टी लांबच्या वाटतील, पण आमच्या भागाला त्या जास्त लागू आहेत. मुंबईत मूल होण्याच्या उपचारांबद्दल शोधणाऱ्या बायका हजारो असतील. पण उकवा-भरवेलीच्या खाणीतली भरती, वारासिवनीचा धानभाव, पटवारी परीक्षेचा अभ्यास, हैदराबादची गाडी आणि नागपूरचा वंध्यत्वाचा डॉक्टर हे पाचही ज्या एका फोनवर शोधले जातात, असं घर त्या गावात एकच असणार. गाव जितकं लहान, तितका नावाचा पडदा पातळ.

भाव कोण ठरवतं?

लोकांना आपल्या माहितीची किंमत किती वाटते, हे तपासून झालेलं आहे. स्पेनमध्ये टेलिफोनिकाच्या संशोधकांनी १६८ लोकांना ते नेट वापरत असतानाच मधूनमधून विचारलं की ही माहिती कितीला द्याल. २०१३ मध्ये जाहीर झालेलं उत्तर होतं: ब्राउझिंगचे सुमारे सात युरो. वय, पत्ता यांसारख्या माहितीचे मात्र पंचवीस युरोंच्या आसपास. म्हणजे पत्ता लोकांना जपावासा वाटतो आणि रात्री काय शोधलं ते स्वस्तात जातं. माझ्या काउंटरवरही तेच दिसतं. आधारची झेरॉक्स मागितली की चार प्रश्न येतात. अॅपच्या "अलाऊ" वर बोट मात्र न वाचता पडतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या अलेसांद्रो अक्विस्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. काहींना दहा डॉलरचं असं कार्ड दिलं, ज्याने केलेली खरेदी कुणाला कळणार नाही. काहींना बारा डॉलरचं, पण खरेदी नावासकट नोंदली जाणारं. मग बदलायची मुभा दिली. दहावाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी दोन डॉलर जास्त मिळत असूनही खासगीपण सोडलं नाही. बारावाल्यांपैकी मात्र दहातल्या एकानेच दोन डॉलर सोडून खासगीपण घेतलं. हाती असलेलं खासगीपण माणूस जपतो, एकदा गेलेलं पैसे मोजून परत घेत नाही. म्हणून पहिल्यांदा "हो" म्हणण्याआधीचा क्षण तेवढा खरा आपल्या हातात असतो.

आता घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब करू. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकच्या माणशी कमाईचे आकडे दिले होते: अमेरिका-कॅनडात ६८.४४ डॉलर, आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२ डॉलर. म्हणजे आपल्याकडच्या एका माणसामागे महिन्याला साधारण दीडशे रुपये, आणि त्यात जपान-ऑस्ट्रेलियाही धरलेले. जाहिरातीचा एवढा मोठा बाजार हाती असलेल्या कंपनीची ही गोळाबेरीज असेल, तर नाव न ऐकलेलं अॅप तुमच्या नुसत्या ब्राउझिंगसाठी महिन्याला दोन हजार कुठून देणार? एक तर ते देणार नाही, किंवा ते ब्राउझिंगपेक्षा भारी काहीतरी नेतंय. दर ऐकून हुरळून जाण्याऐवजी दरावरूनच संशय घ्यायला शिका.

जास्त पैसे देणाऱ्यालाही कारण असतं. फेसबुक २०१६ पासून १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला वीस डॉलरपर्यंत देऊन "फेसबुक रिसर्च" नावाचं अॅप टाकायला लावत होतं. ते फोनमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र बसवायचं, त्यामुळे कुलूपबंद ये-जाही वाचता येण्याजोगी होत होती. जानेवारी २०१९ मध्ये टेकक्रंचने हे बाहेर काढलं आणि अॅपलने ते आयफोनवरून बंद पाडलं. फेसबुकला त्यात लोकांच्या आवडीनिवडींइतकाच प्रतिस्पर्ध्यांच्या चालींचा सुगावा हवा होता. व्हॉट्सअॅप घेण्याआधी त्याची वाढ त्यांनी आपल्या ओनावो या व्हीपीएनच्या आकड्यांवरून जोखली होती, हे ब्रिटिश संसदेने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या कागदांत दिसलं. रिसर्च अॅप बंद झाल्यावर जून २०१९ मध्ये त्यांनी "स्टडी" नावाचं नवं अॅप आणलं, फक्त प्रौढांसाठी आणि परवानग्या कमी करून. ते सुरू केलं दोनच देशांत: अमेरिका आणि भारत. तेव्हा आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणण्यात अर्थ नाही.

विकायचं, पण कुणाचं?

एजंटच्या अर्ध्या खऱ्या वाक्याकडे परत येते. फुकट जातंच आहे तर पैसे का घेऊ नयेत?

माझं उत्तर असं की विकणाऱ्याने आधी बघावं, माल त्याचा एकट्याचा आहे का. आमच्याकडे खसऱ्यावर चार भावांची नावं असली तर एक भाऊ सगळ्यांची जमीन विकू शकत नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्याचंही तेच. विकली तर तहसीलमध्ये बाकीचे उभे राहतात. फोनच्या बाबतीत खातेदार पाच असतात आणि सही एकाची चालते, कारण बाकीच्या चौघांना व्यवहार झाल्याचंच कळत नाही.

हे फक्त गरिबाघरच्या एका फोनचं गाऱ्हाणं नाही. फेसबुकवरच्या लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे गेली, त्या प्रकरणात ज्या अॅपने ती गोळा केली, ते परीक्षेसारखे प्रश्न विचारायचं आणि त्यासाठी अनेकांना थोडे पैसेही मिळाले होते. भारतात ते अॅप घेणारे फक्त ३३५ लोक होते, असं फेसबुकने २०१८ मध्ये सांगितलं. पण त्यांच्या मित्रयादीतून ज्यांची माहिती जाण्याची शक्यता होती, ते धरून भारतातला आकडा निघाला ५,६२,४५५. साडेपाच लाखांहून जास्त लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि एक पैसाही मिळाला नव्हता.

पैशाचा दुसरा परिणाम मुंबईत चर्चेला आला होता. टीव्हीवर काय बघितलं जातं हे मोजायला काही घरांत मीटर बसवलेले असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की अशा काही घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितलं जात होतं. पुढे २०२४ मध्ये सरकारने तो खटला मागे घेतला, त्यामुळे खरं-खोटं कोर्टात ठरलं नाही. पण आरोपातली रक्कम लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज कुणी तुम्ही काय बघता ते विकत घेतो. तेवढ्याच पैशांत उद्या काय बघायचं हेही तो सांगू शकतो.

पैसे घेऊन माहिती देणं दरवेळी वाईटच, असंही मी म्हणणार नाही. बंगळूरच्या कार्या या संस्थेच्या कामाची सुरुवात झाली ती मराठी आवाजापासून: महाराष्ट्रातल्या आमले या आदिवासी गावात आणि धारावीत लोकांनी फोनवर मराठी वाक्यं वाचून दिली आणि त्याची मजुरी घेतली. ही संस्था पुढे तासाला सुमारे पाच डॉलर देऊ लागली. तोच साठा पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला पुन्हा वाटा मिळावा, अशी तिची पद्धत आहे. इथे माणूस बसून, ठरवून काम करतो. काय दिलं ते त्याला ठाऊक असतं, त्यात वहिनीचं किंवा बहिणीचं काही जात नाही. ब्राउझिंग विकताना यातलं काहीच नसतं. कामाचे पैसे घ्या, जरूर घ्या. जगण्यावर पाळत ठेवू देण्याचे घेताना शंभरदा विचार करा.

आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही

लांजी-किरनापूरकडच्या "डबल मनी" प्रकरणाचं नाव काढलं की २०२२ ची आठवण इथे आजही निघते. पैसे दुप्पट करून देतो म्हणून लोकांकडून रकमा गोळा केल्या होत्या, आणि पोलिसांनी हात घातला तेव्हा बरीच माणसं पोलिसांवरच रागावली होती, कारण सुरुवातीला अनेकांना खरोखर पैसे मिळाले होते. डेटाच्या नावाखालची फसवणूकही याच वाटेने जाते. पहिली दोन कूपनं येतात, मग "प्रीमियम" होण्यासाठी आधी थोडे भरायला सांगतात, मग चार ओळखीचे आणायला. माहितीचे पैसे घेणाऱ्याला स्वतः पैसे भरावे लागत असतील तर ती खरेदी नव्हे, फसवणूकच समजा.

दुसरा प्रकार "तुमचं उरलेलं इंटरनेट भाड्याने द्या" असं म्हणतो. यात तुमच्या जोडणीतून अनोळखी माणूस इंटरनेटवर फिरतो, आणि त्याने काही उद्योग केला तर माग तुमच्या घरापर्यंत येतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं. मोफत व्हीपीएनच्या आडून त्याने जवळपास दोनशे देशांतले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते ताब्यात घेतले होते आणि फसवणूक करणाऱ्यांना ते भाड्याने दिले होते. तिथे तर कॉम्प्युटरच्या मालकांना भाडंही मिळालं नव्हतं.

आणि नावाजलेलं नाव बघून निर्धास्त होऊ नका. अवास्ट हे व्हायरसपासून राखण करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या जम्पशॉट या उपकंपनीने लोकांचं ब्राउझिंग शंभराहून अधिक कंपन्यांना विकलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्यासाठी १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड केला. राखणदारच विकत असेल तर सोकावलेल्या चोराला नावं ठेवून काय उपयोग?

तरीही घ्यायचंच असेल तर

आधी घरात बोला. फोन सामायिक असेल तर ज्यांच्या हातात तो जातो त्या प्रत्येकाला सांगा, की आजपासून आपण काय बघतो ते बाहेर जाणार आहे. कुणी एकानेही नको म्हणून मान हलवली तर विषय संपला. फक्त तुमच्याच हातात असणारा वेगळा फोन असेल तरच पुढे जा, आणि त्यावर बँक, यूपीआय, शाळेची किंवा दवाखान्याची कामं ठेवू नका.

परवानग्या एकेक करून वाचा. ब्राउझिंग मोजायला संपर्कयादी, गॅलरी, एसएमएस किंवा माइक लागत नाही. अॅक्सेसिबिलिटी, "डिव्हाइस अॅडमिन" आणि प्रमाणपत्र बसवायची विनंती या तिन्हींपैकी एकही आली तर तिथेच थांबा. कॉम्प्युटरवर एखादं एक्स्टेन्शन "सर्व वेबसाइटवरची तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागत असेल तर ते अक्षरशः खरं माना. प्ले स्टोअरच्या बाहेरून, लिंकवरून आलेली एपीके फाइल कुणीही दिली तरी टाकू नका.

एजंटला मी विचारले तेच प्रश्न विचारा: घेणारा कोण, किती काळ ठेवणार, नको झालं तर गेलेली माहिती परत मिळते का. कागदावर किंवा पडद्यावर लिहिलेलं उत्तर मागा. तोंडी "वरून ठरतं" म्हणजे नकार समजावा.

कायदा आपल्या बाजूला येतो आहे, त्याची ओळख ठेवा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून आणि नेमक्या कामापुरती दिलेली असायला हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं असायला हवं. कंपनीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय मागता येते. मराठी त्यात आहे, म्हणजे मध्य प्रदेशात राहूनही ती मागता येईल. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आई-वडिलांच्या पडताळता येणाऱ्या संमतीशिवाय वापरायला आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला हा कायदा मनाई करतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमती आणि हक्कांची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

आधीच टाकलं असेल तर

नुसतं आयकॉन काढून भागत नाही, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी अॅपच्या आत जाऊन खातं आणि साठवलेली माहिती पुसण्याची विनंती करा, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. मग अॅक्सेसिबिलिटीतून आणि डिव्हाइस अॅडमिनमधून त्याला बंद करा, नाहीतर काही अॅपं निघतच नाहीत. त्यानंतर अॅप काढा. सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या यादीत त्याचं नाव उरलं असेल तर तेही काढा. सुरक्षेच्या भागात विश्वसनीय प्रमाणपत्रांची यादी असते. तिच्यातल्या "यूजर" भागात काही दिसलं आणि ते तुमच्या कॉलेजने किंवा कामाच्या ठिकाणाने बसवलेलं नसेल तर ते पुसा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ईमेल, बँक आणि यूपीआयचे पासवर्ड व पिन बदला. गुगल खात्यात जोडलेल्या अॅपांची यादी तपासा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पोरांना आणखी एक सांगते. ज्या अॅपने तुमच्या परवानग्या घेतल्या, तेच पुढे कर्ज देऊ करेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अॅपला तुमची संपर्कयादी, गॅलरी किंवा कॉलची नोंद बघता येत नाही. मागत असेल तर ते अॅप नियमाबाहेर चाललंय हे ओळखा.

त्या घरात पुढे काय झालं, असं विचारणारे भेटतात. काकांच्या फोनमधून मी सगळं काढलं. ते धाकट्याला घेऊन आले होते, आणि मी त्याला त्यांच्यासमोरच दाखवलं की अॅपला काय काय वाचता येत होतं. पोरगं गप्प झालं. त्याला एवढंच ठाऊक होतं की फोन वापरायचे पैसे मिळतात. त्या फोनवर वहिनीही काही वाचते, हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. सुनेला मी फोनमध्ये वेगळं यूजर खातं उघडून दिलं, तिचा पिन तिच्याकडेच. काकांना सांगितलं की घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं असलं की फोन गरम कमी होतो. ते पूर्ण खरं नव्हतं, पण त्यांनी ते मान्य केलं.

तुमच्यापैकी कुणी उद्या असा सौदा घेऊन माझ्याकडे आलं तर मी फोन बघून देईन, परवानग्या वाचून सांगेन, त्याचे पैसेही घेणार नाही. अट एकच: एकट्याने येऊ नका. तो फोन घरात जे जे वापरतात त्यांना बरोबर आणा, आणि "अलाऊ" वर बोट ठेवायच्या आधी त्यांच्यासमोर मला विचारा.